ऑडिओ सीडी कॉम्प्युटरवर उतरवताना तोच ट्रॅक पुन्हा पुन्हा बिघडतो, तेव्हा काय तपासायचं

समस्या अशी: सीडी डेकवर व्यवस्थित वाजते. कॉम्प्युटरवर उतरवली की शेवटच्या एक-दोन ट्रॅकमध्ये टिक-टिक येते, नाहीतर सूर मध्येच तुटतो. पुन्हा उतरवली तर बिघडतो तोच ट्रॅक, पण टिक-टिकची जागा बदललेली असते. सॉफ्टवेअर मात्र दोन्ही वेळा काम पूर्ण झाल्याचं सांगतं.

इंदूरच्या मराठी घरांत सध्या हे काम बरंच चाललं आहे. ज्यांनी हौसेने सीडी जमवल्या त्यांचे डेक एकेक करून बंद पडताहेत, नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, आणि कपाटात नाट्यसंगीत, अभंग, भावगीतं, अमीर खाँसाहेबांचे आणि कुमारजींचे ख्याल तसेच पडून आहेत. ओळखीतल्या लोकांना मी हे काम करून देतो, त्यामुळे एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळते. माझं त्यावर एवढंच सांगणं असतं की सॉफ्टवेअरच्या ‘झालं’वर विसंबू नका. दोन वेगळी वाचनं शेवटच्या बिटपर्यंत जुळली, तरच ट्रॅक उतरला असं धरा. ती जुळणी कशी मिळवायची आणि मिळत नसेल तर दोष कुठे शोधायचा, ते खाली लिहिलं आहे.

आधी सीडी कसली आहे ते बघा

विंडोजमध्ये ऑडिओ सीडी उघडली की प्रत्येक ट्रॅकसाठी सीडीए नावाची एकेक फाइल दिसते. तिचा आकार ४४ बाइट असतो. त्यात गाणं नसतं, ट्रॅक कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे एवढीच नोंद असते. बरेच जण याच फायली पेन ड्राइव्हवर ओढून टाकतात आणि गाडीत वाजत नाहीत म्हणून सीडी खराब ठरवतात. सीडीत काहीही बिघडलेलं नसतं, गाणी उतरलेलीच नसतात. त्यासाठी रिपिंगचं, म्हणजे सीडीवरचा आवाज वाचून त्याची फाइल बनवणारं, सॉफ्टवेअरच लागतं.

उलट, एका सीडीवर शंभर-दीडशे गाणी असतील तर ती एमपी३ची डेटा सीडी आहे. तिथे फायली सरळ कॉपी करा आणि मोकळे व्हा. त्या फायली फ्लॅकमध्ये (एकही बिट न गमावता आवाज साठवणारा फाइलप्रकार) बदलल्याने आवाज सुधारत नाही, फक्त जागा जास्त खातात. बाजारात बाहेरून दिसायला दोन्ही सारख्याच, त्यामुळे वेष्टन बघून ठरवू नका, आत काय आहे ते उघडून बघा.

यापुढचं सगळं खऱ्या ऑडिओ सीडीबद्दल आहे.

डेकवर वाजते, मग इथे का अडते?

“अरे, डेकवर तर एकदाही अडली नाही रे!” असं एखादी मावशी म्हणते तेव्हा तिचं खरंच असतं. डेकचं काम वाजवणं. त्याला एक बिंदू वाचता आला नाही तर तो आजूबाजूचे बिंदू बघून मधला अंदाजाने भरतो आणि पुढे जातो. शिवाय तो सीडी जेवढ्या वेगाने वाजायला हवी तेवढ्याच वेगाने फिरवतो. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह तीच सीडी चाळीस-पन्नास पटीने फिरवायला बघतो.

ऑडिओ सीडीवर दर सेकंदाला प्रत्येक चॅनेलचे ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची क्षणोक्षणीची मोजमापं, असतात, प्रत्येक नमुना १६ बिटचा. हे सगळं सेकंदाला ७५ सेक्टर अशा तुकड्यांत मांडलेलं असतं आणि प्रत्येक सेक्टरमध्ये २,३५२ बाइट आवाज असतो. डेटा सीडीवर याच जागेत फक्त २,०४८ बाइट कामाची माहिती ठेवतात. उरलेली जागा सेक्टरचा नेमका पत्ता, चूक ओळखण्याची खूण आणि दुरुस्तीची जादा माहिती यांना दिलेली असते. म्हणून डेटा सीडीची फाइल एक तर बरोबर उतरते किंवा विंडोज स्पष्ट नकार देतं. ऑडिओ सीडीवर दुरुस्तीची पहिली पातळी असते, ही दुसरी नसते. पहिली पातळी कमी पडली तर अनेक ड्राइव्ह डेकसारखाच अंदाज भरतात आणि काही बोलत नाहीत. नेहमीचे मीडिया प्लेयर हा अंदाज खरा मानून फाइल बनवतात. तक्रारीचं मूळ इथे आहे.

सिनेमाच्या गाण्यात ढोलकीच्या ठेक्याखाली असा एखादा दोष दबून जातो. अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित झुमऱ्यात तो दबत नाही. दोन शब्दांच्या मध्ये फक्त तानपुरा आणि तबल्याचा संथ ठेका, त्यात एका मिलिसेकंदाची टिक कानाला टोचते. शास्त्रीय संगीताच्या सीडी उतरवताना जास्त काटेकोर राहावं लागतं ते यामुळे.

टिक एकाच जागी येते की फिरते?

दोष शोधताना सगळ्यात आधी हे ठरवा, कारण पुढचे दोन रस्ते पूर्ण वेगळे आहेत.

आपल्याकडच्या कितीतरी सीडी जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून, एलपीवरून किंवा टेपवरून केलेल्या आहेत. बालगंधर्वांच्या काळातल्या मुद्रणांची सीडी असेल तर खरखर आणि टिक-टिक मूळ तबकडीतूनच आलेली असते. ती तुमच्या ड्राइव्हची चूक नव्हे आणि सीडी पुसून जाणारही नाही. ट्रॅक दोनदा उतरवा. टिक दोन्ही वेळा त्याच सेकंदाला, तशीच असेल आणि दोन्ही फायलींचे सीआरसी आकडे एक असतील, तर ती बहुधा मुद्रणातच आहे. सीआरसी म्हणजे त्या ट्रॅकच्या सगळ्या बिटांवरून काढलेला आठ अक्षरांचा आकडा. एक बिट बदलला तरी आकडा बदलतो.

‘बहुधा’ म्हणण्याला कारण आहे. एखादा खोल ओरखडा असेल तर तोच ड्राइव्ह दर वेळी तोच अंदाज भरू शकतो, आणि आकडे खोटेच जुळतात. म्हणून शंका असेल तिथे दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर तोच ट्रॅक उतरवून बघावा लागतो. दोन वेगळे ड्राइव्ह एकच चूक एकाच प्रकारे करतील, याची शक्यता फार थोडी.

टिक जागा बदलत असेल, आकडे वेगळे येत असतील, तर वाचनाचाच दोष. पुढे वाचा.

कोणतं सॉफ्टवेअर, आणि त्यात काय लावायचं

विंडोजवर मी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजे ईएसी वापरतो. ते फुकट मिळतं. पैसे देऊन सोपं काही हवं असेल तर डीबीपॉवरॲम्प चांगलं आहे. मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर किंवा सीडीपॅरानोइया. यांतलं कोणतंही चालेल, अट एवढीच की ते एकेक सेक्टर ताडून बघणारं असावं आणि शेवटी लॉग, म्हणजे प्रत्येक ट्रॅक कसा वाचला गेला याची लेखी नोंद, देणारं असावं. लॉग न देणाऱ्या सॉफ्टवेअरने उतरवलेल्या सीडीबद्दल नंतर काहीच सांगता येत नाही.

ईएसीत ‘सिक्युअर’ पद्धत निवडा. ती प्रत्येक सेक्टर किमान दोनदा वाचते. दोन्ही वाचनं जुळली तर पुढे जाते, नाही जुळली तर तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून बहुमत बघते. सगळ्यात वाईट भागावर ही वाचनं ८२पर्यंत जातात. म्हणून खराब सीडीला तासभर लागला तर सॉफ्टवेअर अडकलं असं समजून बंद करू नका.

यातली मेख आहे ड्राइव्हची कॅश. ड्राइव्ह वाचलेला भाग थोडा वेळ स्वतःच्या मेमरीत ठेवतो. सॉफ्टवेअरने ‘पुन्हा वाच’ म्हटलं की तो सीडीकडे न जाता मेमरीतलंच परत देतो. साहजिकच दोन्ही वाचनं जुळतात, आणि चुकीचा भाग बरोबर म्हणून फाइलमध्ये जातो. सिक्युअर पद्धत लावूनही टिक-टिक राहते आणि लॉग स्वच्छ दिसतो, तिथे मी आधी हीच खूण बघतो. ईएसीला ड्राइव्हचे गुण तपासायला सांगा आणि ड्राइव्ह कॅश करतो असं आलं तर तो पर्याय चालू ठेवा. आताचे जवळजवळ सगळे ड्राइव्ह कॅश करतात, म्हणून शंका असली तरी चालूच ठेवा, थोडा वेळ जास्त लागेल इतकंच. सी२ नावाचा पर्याय मी बंद ठेवतो. त्यात चूक झाल्याचं ड्राइव्हने स्वतः कबूल करायचं असतं, आणि ते सगळे ड्राइव्ह प्रामाणिकपणे करत नाहीत.

‘नॉर्मलाइज’, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप बदलणं, बंद. सुरुवातीची आणि शेवटची शांतता कापण्याचा पर्याय बंद. आवाजाला हात लावणारं काहीही चालू नको.

‘टेस्ट अँड कॉपी’ मात्र नक्की वापरा. यात प्रत्येक ट्रॅक दोनदा पूर्ण वाचला जातो आणि दोन्हींचे सीआरसी लॉगमध्ये एकाखाली एक छापून येतात. समजा सात ट्रॅकच्या सीडीत पहिल्या सहांचे आकडे जुळले आणि सातव्याच्या टेस्टमध्ये आकड्याचा शेवट ‘३एफ’ आला, कॉपीत ‘९१’. शेजारी ‘सस्पिशस पोझिशन’, म्हणजे संशयाची जागा, म्हणून ००:११:४२ अशी वेळ असेल. ही वेळ म्हणजे तुमच्या तपासाची जागा. हेडफोन लावून फाइल तिथेच ऐका. काहीच ऐकू आलं नाही तरी ट्रॅक बरोबर समजू नका, कारण अंदाजाने भरलेला तुकडा लांब सुरावर अगदी बेमालूम बसतो.

सीडी धुणं

आकडे जुळत नाहीत म्हटल्यावर लोक सेटिंग बदलत बसतात. त्याआधी सीडी धुवा. आपल्याकडची धूळ, उन्हाळ्यात घामेजलेली बोटं, पावसाळ्यात दमट कपाट, या सगळ्याचा थर खालच्या बाजूवर बसतो, आणि तो दिव्याखाली तिरकं धरल्याशिवाय दिसत नाही.

नळाच्या साध्या पाण्याखाली आधी धूळ वाहून जाऊ द्या. घासायचं नंतर, नाहीतर तीच धूळ ओरखडे काढते. मग भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब बोटावर घेऊन मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे, सरळ रेषेत, हलक्या हाताने फिरवा. पुन्हा मध्यापासून दुसरी रेष. असं करत पूर्ण फेर घ्या, पाण्याने धुवा, चष्म्याच्या कापडाने त्याच दिशेने टिपा. गोल गोल पुसू नका. आवाजाची रेघ सीडीवर गोलाकार फिरत बाहेर जाते. गोल ओरखडा पडला तर एकाच वेढ्यातला सलग लांब भाग जातो. आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्याला एकेकाच जागी छेदतो, आणि सीडीची स्वतःची दुरुस्ती यंत्रणा साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग तुटवडा भरून काढू शकते. म्हणून भयंकर दिसणारे आडवे ओरखडे असूनही सीडी बिनबोभाट उतरते, आणि एक बारीक गोल रेघ सगळं अडवते.

चिकट डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल अजिबात नको, पॉलिकार्बोनेट धुरकट होतं आणि तडकतं. टूथपेस्टचा उपाय पुष्कळ जण सांगतात. तो म्हणजे प्लास्टिक घासून ओरखडा बोथट करणं. बाकी सगळं करून हरल्यावर, एकाच ओरखड्यावर, तेही विकत मिळणाऱ्या सीडीवर करा. दुसरी प्रत नसलेल्या सीडीवर करू नका.

आता सीडी उलटी करून ट्यूबलाइटसमोर धरा आणि आरपार बघा. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते, पण आवाज ज्या ॲल्युमिनियमच्या थरात असतो तो खाली नसून वर, छापील बाजूच्या लगेच खाली असतो. छापील बाजूला ओरखडा पडला, कुणी बॉलपेनने दाबून नाव लिहिलं, तर तो थरच फाटतो. उजेडाचे बारीक ठिपके दिसले तर तिथला आवाज गेलेला आहे, आणि तो कुठल्याही पॉलिशने परत येणार नाही.

शेवटचेच ट्रॅक का?

सीडी आतून बाहेर वाजते, म्हणजे शेवटचे ट्रॅक कडेला. बोटं कडेलाच लागतात. सीडी उन्हाने किंचित वाकली असेल तर सगळ्यात जास्त हेलकावा कडेलाच. ड्राइव्ह पूर्ण वेगात असतो तेव्हा लेझरसमोरून कडेचा भाग सगळ्यात वेगाने सरकतो. वर कागदी लेबल वाकडं चिकटवलेलं असेल तर तोल जाऊन थरथर वाढते, तीही कडेला जास्त जाणवते. म्हणून आतले ट्रॅक जुळतात आणि बाहेरचे अडतात, तिथे वेग ४ पट किंवा ८ पट इतका कमी करून फक्त तेवढेच ट्रॅक पुन्हा घ्या. सीडी पुन्हा पहिल्यापासून उतरवण्याची गरज नाही. काही ड्राइव्ह मात्र वेग कमी करायला सांगितलं तरी ऐकत नाहीत. मग ड्राइव्हच बदलायचा.

ड्राइव्ह

इथे जरा थांबतो, कारण सीडीच्या माथ्यावर मारलेले निम्मे दोष ड्राइव्हचे निघतात.

लॅपटॉपला लावायचा पातळ यूएसबी ड्राइव्ह विजेसाठी त्याच यूएसबीवर अवलंबून असतो. यूएसबी २चं पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३चं ९००. मोटर वेग घेताना ड्राइव्हला यापेक्षा जास्त लागू शकतं. मग सीडी फिरायला लागते, टक् असा आवाज येतो, थांबते, पुन्हा फिरते, आणि मध्येच ड्राइव्ह कॉम्प्युटरवरून नाहीसा होतो. याला सॉफ्टवेअरमध्ये उपाय नाही. हब काढून टाका, डेस्कटॉप असेल तर पुढचं पोर्ट सोडून मागचं वापरा, ड्राइव्हला दोन टोकांची केबल लागत असेल तर दोन्ही टोकं लावा. शक्य असेल तर लांब स्वस्त केबल बदलून आखूड घ्या.

त्याहून उत्तम म्हणजे जुन्या डेस्कटॉपमधला मोठा साटा ड्राइव्ह. त्याला पॉवर सप्लायमधून १२ व्होल्ट स्वतंत्र मिळतात, सीडी पक्की धरली जाते, थरथर कमी. लॅपटॉपला लावायचा असेल तर अडॅप्टर असा घ्या ज्याला भिंतीतून वीज मिळते. नुसत्या यूएसबीवरचा अडॅप्टर या ड्राइव्हला फिरवूच शकत नाही. असे ड्राइव्ह जेल रोड आणि महाराणी रोडच्या बाजूला जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानांत विचारले की निघतात. दुकानदार आधी म्हणेल, “भैया, अब ये कौन लेता है,” आणि मागून खोकं काढून देईल. घेताना नवी कोरी सीडी नेऊ नका. घरातली सगळ्यात त्रास देणारी सीडी न्या आणि तिथेच तिचा शेवटचा ट्रॅक उतरवून बघा. नवी सीडी थकलेल्या लेझरवरही वाजते.

घेताना दोन वेगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह घेता आले तर घ्या. हा खर्च वाया जात नाही, का ते पुढे येईल.

ड्राइव्हची लेन्स धुळीने मंद झाली असेल तर आधी हवेच्या फुग्याने फुंकर मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. कापूस घालून लेन्स दाबून पुसणं शेवटचा उपाय, कारण ती बारीक तारांवर तरंगत असते.

ऑफसेट आणि इतरांच्या आकड्यांशी जुळणी

ऑडिओ सेक्टरवर नेमका पत्ता नसल्यामुळे प्रत्येक मॉडेलचा ड्राइव्ह ठरलेल्या नमुन्यांनी थोडा पुढे किंवा मागे वाचायला सुरुवात करतो. यालाच ऑफसेट म्हणतात. कुणाचा +६, कुणाचा +३०, कुणाचा +१०२, कुणाचा +६६७. यांतला सगळ्यात मोठा आकडासुद्धा वेळेत मोजला तर सुमारे १५ मिलिसेकंद, म्हणजे कानाला काहीच फरक नाही. तरीही तो लावायचा, कारण त्याशिवाय तुमचा सीआरसी वेगळ्या ऑफसेटच्या ड्राइव्हवर काढलेल्या सीआरसीशी जुळणार नाही. ॲक्युरेटरिपच्या यादीत ड्राइव्हचं मॉडेल शोधून आकडा मिळतो. नाहीतर घरातली एखादी खूप खपलेली हिंदी सिनेमाची सीडी घाला, तिची नोंद असेल तर सॉफ्टवेअर ऑफसेट आपोआप ओळखतं.

ॲक्युरेटरिप म्हणजे जगभरच्या लोकांनी तीच सीडी उतरवून पाठवलेल्या आकड्यांचा साठा. तुमचा आकडा त्यांच्याशी जुळला तर प्रश्न मिटला. जुळला नाही तर कसा जुळला नाही ते बघा. एक ट्रॅक सोडून बाकी सगळे जुळले, तर तो एक ट्रॅक नक्की खराब. एकही जुळला नाही पण टेस्ट आणि कॉपीचे आकडे आपसात जुळले, तर तुमची सीडी बहुतेक वेगळ्या छपाईची आहे, तीच ध्वनिमुद्रणं पण काही नमुने पुढेमागे. घाबरायचं कारण नाही.

क्यूटूल्स नावाच्या सॉफ्टवेअरचा साठा याच्या पुढे जातो. त्यात दुरुस्तीची माहितीही ठेवलेली असते. तुमची सीडी तिथे असेल आणि बिघाड थोडा असेल तर तुमच्या फाइलमधले चुकलेले बिट तो नेमके दुरुस्त करून देतो. अंदाज नाही, मूळ बिट.

आपल्या सीडी त्या साठ्यात नसतात

इंग्रजी आणि हिंदी सीडीला वरचं सगळं छान लागू पडतं. मराठी नाट्यसंगीत, अभंग, छोट्या कंपन्यांनी काढलेले शास्त्रीय गायनाचे संच, यांना लॉगमध्ये बहुतेक वेळा एकच उत्तर येतं की ट्रॅक साठ्यात नाही. अनेक जण इथे हात टेकतात किंवा ‘नाही म्हणजे चूकही नाही’ असं धरून पुढे जातात. दोन्ही नको. इतरांचे आकडे नसतील तर आपले दुसरे आकडे आपणच तयार करायचे.

पहिल्या ड्राइव्हवर टेस्ट अँड कॉपी करा. मग दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर, त्याचा स्वतःचा ऑफसेट लावून, तीच सीडी पुन्हा घ्या. दोन लॉग शेजारी ठेवून ट्रॅकनिहाय आकडे बघा. जुळले तर ही साक्ष मोठ्या साठ्याइतकीच खरी. पहिला किंवा शेवटचा ट्रॅकच फक्त वेगळा येत असेल तर दचकू नका. बरेच ड्राइव्ह सीडीच्या टोकाच्या पलीकडचे काही नमुने वाचू शकत नाहीत आणि तिथे शून्य भरतात. आणि दोन्हीकडे सगळेच आकडे वेगळे असतील तर ईएसीमध्ये सीआरसी काढताना शून्य नमुने सोडण्याचा जो पर्याय आहे, तो दोन्ही वेळा सारखाच होता का ते बघा. एकीकडे चालू आणि एकीकडे बंद असेल तर फायली तंतोतंत असूनही आकडे वेगळे दिसतात.

दुसरा रस्ता म्हणजे त्याच सीडीची दुसरी प्रत. नातेवाइकांत, गाण्याच्या बैठकीला येणाऱ्यांत विचारा. एका काळात एकच संच अनेक घरांनी घेतलेला असतो. तुमच्या प्रतीतला सातवा ट्रॅक जखमी आणि त्यांच्या प्रतीतला दुसरा, असं झालं तरी दोन्ही मिळून पूर्ण सीडी उभी राहते.

आणि झालेले आकडे साठ्यात पाठवा. ईएसी विचारतं, तेव्हा हो म्हणा. आज आपल्याला कोरं उत्तर मिळतं कारण आपल्यातल्या कुणी पाठवलेलंच नाही. पुढे कुणी बडोद्यात किंवा ग्वाल्हेरात तीच सीडी लावेल तेव्हा त्याला ताडून बघायला काहीतरी मिळेल.

घरी बर्न केलेल्या सीडी सगळ्यात आधी

खाजगी मैफिली, घरचं गाणं, गुरुजींनी शिकवताना केलेलं मुद्रण टेपवरून सीडीवर घेतलेलं असतं, त्याची दुसरी प्रत बाजारात नाही. अशा बर्न केलेल्या सीडीत, म्हणजे सीडी-आरमध्ये, आवाज रंगद्रव्याच्या थरात असतो आणि उष्णता, ऊन यांनी तो उतरतो. पारा चाळिशीपार असताना गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली सीडी-आर आज वाजली म्हणून पुढच्या वर्षी वाजेलच असं नाही. तुमच्या कपाटात पन्नास विकतच्या आणि पाच बर्न केलेल्या असतील तर पाचांपासून सुरुवात करा. कागदी लेबल असेल तर वरची बाजू ओली करू नका, आणि लेबल सोलू तर अजिबात नका, त्याबरोबर आवाजाचा थर निघून येतो.

कुठल्याच ड्राइव्हवर आकडे जुळले नाहीत तर सगळ्यात कमी दोषांचं वाचन ठेवा आणि लॉगही ठेवा. एखादी टिक राहिली असेल तर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रिपेअर’ची सोय आहे, ती एका वेळी १२८ नमुन्यांपर्यंत काम करते. दुरुस्त केलेली फाइल वेगळ्या नावाने ठेवा, मूळ फाइलवर चढवू नका.

दोन ट्रॅकच्या मध्ये खंड पडतो

मैफिलीच्या सीडीत आलाप एका ट्रॅकवर, विलंबित दुसऱ्यावर, द्रुत तिसऱ्यावर, आणि तानपुरा सगळीकडे सलग. उतरवल्यावर मध्ये क्षणभर गप्प होत असेल तर दोष बहुतेक एमपी३चा. एमपी३ बनताना सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता जोडली जाते. फ्लॅकमध्ये तसं होत नाही. फ्लॅक केल्यावरही खंड असेल तर प्लेयरमधलं क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणं) आणि ट्रॅकमधली विश्रांती बंद करा. ईएसीत मधला रिकामा भाग आधीच्या ट्रॅकला जोडण्याचा मूळ पर्याय आहे तोच राहू द्या.

सगळं बरोबर असून १९८०च्या दशकातली एखादी सीडी कानाला फार कर्कश लागली तर सॉफ्टवेअर त्या ट्रॅकपुढे ‘प्री-एम्फसिस’ दाखवतं का ते बघा. त्या काळी काही सीडीत वरचे स्वर मुद्दाम चढवून मुद्रित करत आणि वाजवताना डेक ते उतरवत असे. फाइल ऐकताना ते आपल्याला करावं लागतं. सॉक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय आहे.

साठवण आणि नावं

फ्लॅकच वापरा. मूळ आवाज मिनिटाला सुमारे साडेदहा एमबी असतो, फ्लॅकमध्ये तो साधारण निम्मा ते दोन तृतीयांश होतो आणि एकही बिट जात नाही. ० ते ८ या पातळ्यांनी फक्त फाइलचा आकार बदलतो, आवाज सगळ्यांत तोच. जुनी मोनो मुद्रणं दोन्ही चॅनेलवर अगदी सारखी असतील तर ती आणखी लहान होतात, फाइल इतकी छोटी कशी म्हणून घाबरू नका. फ्लॅकच्या आत मूळ आवाजाचा एमडी५ आकडा साठवलेला असतो, त्यामुळे काही वर्षांनी हार्ड डिस्कवरची फाइल कुजली का ते तपासता येतं.

गाण्यांच्या नावांसाठी पूर्वी फ्रीडीबी नावाचा साठा होता, तो २०२०मध्ये बंद झाला. आता म्युझिकब्रेन्झ बघा. आपल्या सीडी तिथेही कमी, आणि कुणी भरलेल्या असतील तर रागांची नावं वाट्टेल तशी लिहिलेली. आतल्या कार्डावरून स्वतः भरा: राग, ताल, बंदिश, तबला, हार्मोनियम, तानपुरा. साथीदारांची नावं आवर्जून घाला, ती बहुतेक वेळा त्या कार्डाशिवाय कुठेच छापलेली नसतात. फ्लॅकच्या टॅगमध्ये देवनागरी नीट बसते, फाइलचं नाव मात्र रोमन अक्षरांत ठेवलं तर जुन्या गाडीच्या स्टिरिओवर चौकोन दिसत नाहीत. गाडीसाठी फ्लॅकवरून वेगळे एमपी३ बनवा आणि पेन ड्राइव्हवर तेच टाका.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर पूर्ण लॉग, ड्राइव्हचं मॉडेल, सीडी छापील की बर्न केलेली, आणि ती धुवून झाली आहे का, हे चार तपशील सोबत द्या. नुसतं ‘सातवा ट्रॅक बिघडतो’ यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.